काउंट, गेज आणि सी टाइप

यंत्रमागाच्या धंद्यात सुताची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न येतो, ‘काउंट किती?’ उत्तर आकड्यात मिळते. वीस, तीस, चाळीस, साठ. सांगलीला लागून, बुधगावच्या वाटेवर असलेल्या माधवनगरात हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या बोलला गेला आहे. आकडा कानावर पडला की सूत जाड की बारीक, त्याचे कापड कोणत्या कामाचे, हे जाणत्याला लगेच कळते. याच गावात आता मोबाइलच्या दुकानासमोर उभे राहून माणूस विचारतो, ‘सी टाइप आहे का?’ दुकानदार केबल काढून देतो, ती फोनला नीट बसते. पण ती माहिती किती वेगाने नेईल, किती वॅट सोसेल, हे नावावरून ना विकणाऱ्याला कळते, ना घेणाऱ्याला. सुताचे नाव माल दाखवते, केबलीचे नाव माल झाकते. हे असे का झाले, ते शब्दांच्या कुळकथेतून बरेच उलगडते.

आधी काउंट. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला, आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधल्या ‘कोम्पुतारे’ या क्रियापदापासून. ‘कोम्’ म्हणजे एकत्र आणि ‘पुतारे’ म्हणजे हिशेब करणे. त्याच क्रियापदापासून इंग्रजीने पुढे दुसरा शब्द थेट लॅटिन वळणाने घडवला, तो म्हणजे कंप्युटर. म्हणजे मागावरचा काउंट आणि टेबलावरचा कंप्युटर हे सख्खे भाऊ. एक फ्रेंच घरात वाढला म्हणून झिजून आटोपशीर झाला, दुसऱ्याने लॅटिन थाट राखला. त्याहून गोड गोष्ट पुढे आहे. ‘पुतारे’चा जुना अर्थ छाटणे, साफ करणे असा होता आणि तो खास द्राक्षवेलीच्या छाटणीसाठी वापरला जाई. छाटून साफ करणे, मग हिशेब साफ करणे, मग मोजणे, मग विचार करणे, असा तो अर्थ चढत गेला. सांगली-तासगावकडच्या ज्या बागाईतदाराने एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी हाताने केली आहे, त्याला कंप्युटरच्या मुळाशी बसलेले हे काम परके वाटणार नाही. कोणता डोळा ठेवायचा, कोणती काडी काढायची, हाही हिशेबच असतो.

सुताचा काउंट ही हवेतली संख्या नाही. ८४० यार्डांची एक लडी धरायची आणि एक पौंड वजनात अशा किती लड्या बसतात ते मोजायचे. चाळीस बसल्या तर ते चाळीस काउंटचे सूत. आकडा मोठा म्हणजे तेवढ्याच वजनात जास्त लांबी, म्हणजे धागा बारीक. चाळीस काउंटचे एक पौंड सूत उलगडले तर ते साडेतीस किलोमीटरांहून जास्त लांब पसरेल. दोन चाळिसी धागे एकत्र पिळले की त्याला ‘दोन-चाळीस’ म्हणतात, आणि जाडीच्या हिशेबात तो वीस काउंटसारखा वागतो. हे सगळे नावातच आहे.

मग पॉलिएस्टर आले आणि त्याच्याबरोबर डेनियर आले. इथे गणित उलटे आहे. ९,००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. आकडा मोठा म्हणजे धागा जाड. एकाच छपरीखाली चाळीस काउंट आणि दीडशे डेनियर नांदतात आणि त्यांचे आकडे विरुद्ध दिशांना धावतात. तरी घोटाळा होत नाही, कारण आकड्यामागे मापाचे नाव चिकटलेले असते आणि त्या मापामागे तराजू व फूटपट्टी उभी असते. डेनियर हा शब्दही आपल्या ओळखीतला निघतो. रोमन नाणे ‘देनारियुस’, त्याचे फ्रेंचमध्ये झाले ‘दनिए’, इंग्रजीत डेनियर. तेच नाणे पूर्वेकडे आले आणि संस्कृतात ‘दीनार’ झाले. गुप्तकाळच्या लेखांत दीनारांची दाने नोंदवलेली आहेत. वजनाचे नाणे, नाण्याचे वजन आणि वजनावरून सुताचे माप असा तो प्रवास आहे.

उलट्या आकड्यांची हीच रीत तारेत आहे. गेज म्हणजे मुळात मापायची काठी. तार ओढताना ती एकाहून एक बारीक भोकांतून ओढली जाते, आणि जितकी जास्त वेळा ओढली तितका तिचा नंबर मोठा. म्हणून अठरा नंबरच्या तारेपेक्षा बावीस नंबरची तार बारीक. जुन्या वायरमनच्या तोंडी अजून ‘तीन-वीस’, ‘सात-वीस’ ही नावे आहेत. तीन-वीस म्हणजे वीस गेजच्या तीन तारा एकत्र. सुताच्या दोन-चाळीसची आणि या तीन-वीसची घडण एकच, आधी पदर किती आणि मग पदराची बारकाई किती. आता दुकानात ‘दीड एमएम’, ‘अडीच एमएम’ मागतात. ते खरे तर चौरस मिलिमीटर, पण बोलण्यात चौरस गळाला. असे असूनही पंख्या-दिव्याला दीड आणि गिझरला अडीच किंवा चार हे गणित चुकत नाही, कारण आकडा तांब्याच्या जाडीचाच आहे.

गेज म्हटले की या भागात आणखी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. माधवनगर हे पुणे-मिरज लोहमार्गावरचे स्टेशन. हा मार्ग पूर्वी मीटर गेज होता, मग ब्रॉडगेज झाला. त्यानंतर काही दशके मिरज जंक्शनात तिन्ही गेज एकत्र होते. पुणे-कोल्हापूरची ब्रॉडगेज, बेळगाव-लोंढ्याकडची मीटर गेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूरची बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी. रुळांमधले अंतर अनुक्रमे १,६७६, १,००० आणि ७६२ मिलिमीटर. मिरजेला उतरून, ट्रंका डोक्यावर घेऊन लोक गाडी बदलत. जोडणीची तीन मानके एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर चालत ओलांडावी लागत. पण नावांनी कोणाला चकवले नाही. मीटर गेज म्हणजे बरोबर एक मीटर. ब्रॉड आणि नॅरो ही नावे मोघम खरी, तरी रूळ डोळ्यांसमोर होते.

कंप्युटरच्या जगातही तशीच गर्दी एके काळी होती. कीबोर्डला जांभळे गोल तोंड, माऊसला हिरवे, प्रिंटरला पंचवीस टाचण्यांचे रुंद, मोडेमला नऊ टाचण्यांचे. १९९०च्या दशकाच्या मध्यावर सात मोठ्या कंपन्या एकत्र आल्या आणि या सगळ्यांच्या जागी एकच जोडणी आणायचे ठरले. १९९६च्या जानेवारीत ती आली, तिचे नाव यूएसबी, म्हणजे युनिव्हर्सल सीरियल बस. तिच्या जनकांत अजय भट्ट यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. इंटेलमध्ये काम करणारे हे गृहस्थ शिकले बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. ज्यांच्या नावाचे ते विद्यापीठ, ते सयाजीराव नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. शब्दांची त्यांना एवढी आस्था की राज्यकारभारातल्या शब्दांना देशी भाषांतले प्रतिशब्द एकत्र करणारा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ त्यांच्या राज्यात १९३१ मध्ये तयार झाला. त्या कोशाची दृष्टी यूएसबीचे आकडे ठरवणाऱ्यांकडे असती तर किती बरे झाले असते, असे मला मनापासून वाटते.

यूएसबीच्या नावातला प्रत्येक शब्द बघण्यासारखा आहे. सीरियलच्या मुळाशी ओवणे, एकापुढे एक जोडणे हा अर्थ आहे. म्हणून टीव्हीवरच्या सीरियलला मराठीने ‘मालिका’ म्हटले ते मुळाला धरूनच झाले. जुन्या प्रिंटरच्या जाड केबलीत आठ बिट आठ तारांवरून शेजारी शेजारी धावत. सीरियलमध्ये ते एकामागून एक, मण्यांसारखे जातात. आणि बस? लॅटिनमध्ये ‘ओम्निबुस’ म्हणजे सर्वांसाठी. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये सर्वांना घेऊन जाणाऱ्या घोडागाडीला हे नाव मिळाले. पुढे विजेच्या कारखान्यात सगळ्या फाट्यांना वीज पुरवणाऱ्या जाड पट्टीलाही ते लागले, आणि तिथून कंप्युटरच्या आतल्या सामाईक तारांना. पण ‘ओम्नि’ गळाले आणि राहिले फक्त ‘बुस’, जो निव्वळ चतुर्थीचा प्रत्यय आहे. जणू मराठीत ‘सर्वांना’ या शब्दातले ‘सर्वां’ पुसून ‘ना’ला गाडी म्हणावे! १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हापासून हा उघडा प्रत्यय महाराष्ट्राच्या गावोगावी धूळ उडवत फिरतो आहे. युनिव्हर्सल म्हणजे सर्वांचे आणि बस म्हणजे सर्वांसाठी. सर्वांचा असा दोनदा उच्चार करणाऱ्या या नावाने पुढे सर्वांनाच कोड्यात टाकले.

पहिल्या काही वर्षांत गोंधळ नव्हता. १.०, १.१ आणि मग २००० साली २.०. वेग सेकंदाला १२ मेगाबिटवरून ४८०वर गेला. बोट ठेवावे अशी एकच गोष्ट होती. १२ मेगाबिटच्या वेगाला ‘फुल स्पीड’ असे नाव देऊन ठेवले होते. पूर्ण वेगाच्या पुढे काय म्हणायचे? मग ४८०ला ‘हाय स्पीड’ म्हटले. म्हणजे डब्यावर ‘फुल’ लिहिलेली वस्तू ‘हाय’ लिहिलेल्या वस्तूच्या चाळिसाव्या हिश्शाने चालते. २००८ मध्ये ३.० आले, वेग ५ गिगाबिट, नाव ‘सुपर स्पीड’. विशेषणे अशी चढवत नेली की ती लवकरच संपतात.

खरी गडबड २०१३ पासून. १० गिगाबिटचे नवे मानक आले, ३.१. इथपर्यंत ठीक. पण त्याच वेळी जुन्या ३.०चे नाव बदलून ३.१ जेन १ (जेन म्हणजे जनरेशन, पिढी) केले आणि नव्याला म्हटले ३.१ जेन २. २०१७ मध्ये ३.२ आले, वेग २० गिगाबिट, आणि पुन्हा सगळ्यांची नावे बदलली. ५ गिगाबिटचे जे ३.० होते, मग ३.१ जेन १ झाले होते, ते आता ३.२ जेन १. दहावाले ३.२ जेन २. वीसवाले ३.२ जेन २ बाय २. तारा त्याच, वेग तोच, नाव तिसरे. नवा माल बाजारात आला म्हणून जुन्या गाठोड्यावर नवा आकडा चिकटवणे, हे सुताच्या बाजारात कोणी खपवून घेतले नसते. चाळिसाचे सूत उद्या साठाच्या नावाने कोणी विकले तर पेढीवर भांडण होईल, आणि व्हायलाच हवे. इथे मात्र ते मानक ठरवणाऱ्या संस्थेनेच केले, आणि डब्यावर ३.२ छापायची मुभा पाच गिगाबिटच्या मालालाही मिळाली. २०१९ मध्ये यूएसबी४ आले, यात यूएसबी आणि चार यांच्यामध्ये मोकळी जागा सोडायची नाही असे ठरले. आणि २०२२ मध्ये ८० गिगाबिटचे आले, त्याचे नाव यूएसबी४ आवृत्ती २.०. चाराची दुसरी.

काउंट आणि जेन या दोन्हींत आकडे आहेत, पण काउंटचा आकडा मापाचा आहे आणि यूएसबीचा जन्मक्रमाचा. थोरला, मधला, धाकटा ही नावे घरात उपयोगी असतात. कोण किती ओझे उचलतो हे त्यांवरून कळत नाही. मानकाच्या दस्तऐवजाला आवृत्तीचा नंबर लागतोच, इंजिनिअरला तो हवाच. चूक झाली ती तो कचेरीतला नंबर दुकानाच्या फळीवर आणण्यात.

त्यात भर पडली अक्षरांची. ए, बी, सी ही अक्षरे फक्त तोंडाचा आकार सांगतात, वेग सांगत नाहीत. २०१४ साली आलेल्या सी तोंडात चोवीस टाचण्या असतात, बारा वर, बारा खाली, म्हणून ते उलटसुलट कसेही बसते. पण केबलीच्या पोटात त्या चोवीसांपैकी मोजक्याच टाचण्यांना तारा जोडलेल्या असू शकतात. चार्जरबरोबर येणाऱ्या बहुतेक सी केबलींत वेगाच्या तारांच्या जोड्याच नसतात, त्यामुळे त्या ४८० मेगाबिटवरच थांबतात. २००० सालच्या वेगाची वस्तू नव्या तोंडाची होऊन येते. याचा अर्थ व्यवहारात काय होतो, ते लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्याला विचारावे. साठ गिगाबाइटचे चित्रीकरण ४८०च्या केबलीतून उतरवायला कागदावरच्या हिशेबाने सोळा-सतरा मिनिटे लागतात, प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त. १० गिगाबिटच्या केबलीतून तेच काम कागदावर मिनिटाच्या आत होते. दोन्ही केबली काळ्या, दोन्ही सी टाइप, दोन्ही हातात सारख्याच.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. जास्त वेगाच्या आणि जास्त शक्तीच्या सी केबलींच्या टोकात ई-मार्कर नावाची चिमुकली चिप बसवलेली असते. केबल लावली की ती चिप यंत्राला सांगते, मी इतक्या अँपिअरची, इतक्या वेगाची. केबलीला आपली पूर्ण ओळख ठाऊक आहे आणि ती चार्जरला सांगतेही. ज्याने पैसे मोजून ती घेतली त्या माणसाला सांगायची सोय मात्र बराच काळ कोणी केली नाही.

मराठी बोलणाऱ्यांनी मग आपली सोय आपण केली. मोबाइल आले तेव्हा चार्जरच्या तोंडाला ‘पिन’ म्हणायला लागले. जाडी पिन, बारीक पिन, चपटी पिन. नोकियाची जुनी साडेतीन मिलिमीटरची जाडी, नंतरची दोन मिलिमीटरची बारीक. पिन हा शब्द लॅटिनमधल्या पिसावरून आलेला, पण आपण त्याला आकाराचे विशेषण लावून नेमके काम करून घेतले. ‘डेटा केबल’ आणि ‘चार्जिंगची वायर’ हा भेदही लोकांनी कामावरून केला, आणि वर सांगितलेल्या पोटातल्या तारांच्या हिशेबाला तो तंतोतंत लागू पडतो. डब्यावर छापतात ‘टाइप-सी’, आपण म्हणतो ‘सी टाइप’. बारीक सूत, लाल माती, तसे सी टाइप. विशेषण आधी, ही मराठीची चाल आहे.

तोंडांच्या इतर नावांतही रत्ने दडलेली आहेत. ‘मिनी’ यूएसबीतले मिनी लहानपणावरून आलेच नाही. ‘मिनिउम’ म्हणजे शेंदूर. हस्तलिखितांतली चित्रे शेंदराने रंगवत, म्हणून ती ‘मिनिएचर’. पानावर मावायची म्हणून ती लहान असत आणि तो लहानपणा शब्दाला चिकटला. प्लग हा मुळात डच, अर्थ भोकात बसवायचे बूच, आणि आपले ‘बूच’ पोर्तुगीजांकडून आलेले. पोर्टमधले लॅटिन ‘पोर्ता’ म्हणजे दार. सॉकेट तर नांगराच्या फाळापासून आले. फ्रेंच ‘सोक’ म्हणजे फाळ, त्याचे लहान रूप फाळाच्या आकाराचे भाल्याचे टोक, आणि मग ते टोक ज्यात दांडा धरते ती खोबण. भिंतीवरच्या बोर्डात फाळ आहे हे कळल्यापासून तो शब्द मला निराळाच दिसतो.

चांगली नावे ठेवणारेही या क्षेत्रात होऊन गेले आहेत. नेटवर्कच्या तारेला १०बेस-टी असे नाव होते. दहा म्हणजे दहा मेगाबिट, टी म्हणजे पिळलेली जोडी. दोन तारा एकमेकींना पीळ देऊन वळल्या की बाहेरची खरखर दोघींवर सारखीच पडते आणि वजा होते, ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्येच पेटंट केली होती. पीळ आहे आणि वेग किती हे ज्या नावात आहे ते नाव कोणाही विणकराला पटेल. वाय-फायवाल्यांनी तर २०१८ मध्ये ८०२.११एएक्ससारखी तिखट नावे बाजूला सारून सरळ वाय-फाय ६ म्हणायला घेतले. जन्मक्रमच तो, पण ज्याचा मोठा आकडा तो नंतरचा, एवढे तरी पक्के राहिले.

यूएसबीवाल्यांनाही शेवटी हे उमगले. २०२२ मध्ये त्यांनी ठरवले की ग्राहकापुढे सुपर स्पीड नको, आवृत्तीचे नंबर नकोत. प्रमाणित केबलीवर आणि डब्यावर दोनच गोष्टी छापायच्या, गिगाबिट आणि वॅट. वॅट सी केबलीसाठी साठ किंवा दोनशेचाळीस. साठ म्हणजे वीस व्होल्ट गुणिले तीन अँपिअर, दोनशेचाळीस म्हणजे अठ्ठेचाळीस गुणिले पाच. हे माप आहे, तराजूवर घालता येते. पण जुन्या नावांचे डबे अजून फळीवर आहेत, आणि ३.२ बघून माल उचलणारे ग्राहकही.

माझा आग्रह एवढाच की सांगली-माधवनगरच्या बाजारात हे दोन आकडे जोडून बोलायला लागावे, वायरमन तीन-वीस म्हणतो तसे. लॅपटॉप चालवणाऱ्या आणि चित्रीकरण उतरवणाऱ्या जाड केबलीला ‘चाळीस-दोनशेचाळीस’, रात्री फोन लावायच्या साध्या केबलीला ‘चारशेऐंशी मेगाबिट-साठ’. दुकानदाराला विचारताना ३.२ की ३.१ हे विचारूच नये. गिगाबिट किती आणि वॅट किती, असे विचारावे, आणि केबलीच्या टोकावर ते छापलेले नसेल तर ती चार्जिंगची वायर समजून तेवढेच पैसे द्यावेत.